बस उभी कुठं राहते?

इलेक्ट्रिक बसचा विषय निघाला की लोक हमखास विचारतात, "एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते?" बातमीत हाच आकडा असतो आणि कंपनीच्या माहितीपत्रकावरही हाच सगळ्यात ठळक. बस डेपोतले चार्जर बसवायचं नि सांभाळायचं काम करता करता माझा प्रश्न वेगळा झालाय. बस उभी कुठं राहते, किती वेळ राहते आणि त्या जागेवर वीज किती आहे, एवढं मला सांगा. मग त्या शहराला कोणतं चार्जिंग चालेल हे बरंचसं सांगता येतं. जलद चार्जिंग आलं की सगळे प्रश्न मिटले, असं अलीकडं ज्याच्या त्याच्या तोंडी ऐकू येतं. म्हणून हे लिहायला बसलो.

मी जनवाड्याचा. बीदरहून औरादला जाणाऱ्या रस्त्यावर, पठार उतरून दहा-बारा किलोमीटर गेलं की आमचं गाव. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बीदरच्या स्टँडवर दखनी. बसची पाटी कन्नडमधून आणि तिकीट ज्याला जी येईल त्या भाषेतून. शाळा मराठी झाली, आयटीआय बीदरला केलं, ट्रेड इलेक्ट्रिशियन. मग आमच्याकडच्या बहुतेक पोरांसारखा पुण्याला गेलो. भोसरीत पॅनलचं वायरिंग करता करता एका ठेकेदाराकडं लागलो. त्याला बस डेपोतल्या चार्जरचं काम मिळालं आणि त्याच्यामागं मीही गावोगावचे डेपो पाहू लागलो.

पुण्यात पीएमपीएमएलच्या पहिल्या इलेक्ट्रिक बस फेब्रुवारी २०१९ मध्ये रस्त्यावर आल्या. नऊ मीटरच्या पंचवीस गाड्या होत्या त्या. मग बारा मीटरच्या आल्या आणि भेकराईनगरचा डेपो इलेक्ट्रिक बसचा डेपो म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याआधी मुंबईत बेस्टनं २०१७ च्या नोव्हेंबरात मोजक्या गाड्या आणल्या होत्या आणि त्याच वर्षी मनाली ते रोहतांगच्या घाटात हिमाचलच्या महामंडळानं इलेक्ट्रिक बस चढवली होती. आमच्या कर्नाटकात तर बेंगळुरूच्या बीएमटीसीनं २०१४ लाच एक चिनी बस चाचणीसाठी रस्त्यावर धाववली होती. गाड्या धावतात की नाही हा प्रश्न त्या चार-पाच वर्षांत संपला. उरला तो भरायच्या कशा, कुठं आणि कधी हा.

डेपोतली रात्र बाहेरच्या माणसाला दिसत नाही, म्हणून थोडी सांगतो. साडेदहानंतर गाड्या आत यायला लागतात. कंडक्टर कॅश भरायला जातो, गाडी झाडून-धुऊन निघते आणि चार्जिंगच्या लायनीत येते. कुठल्या बाजूनं लावायची हे आत घेतानाच ठरवावं लागतं, कारण सॉकेट एकाच बाजूला आणि चार्जरच्या गनची केबल जेमतेम पोहोचणारी. एक गाडी उलटी लागली की मागच्या तीन हलवाव्या लागतात. केबल मनगटाएवढी जाड असते, थंडीत ताठ होते. पावसाळ्यात सॉकेटमध्ये ओल गेली की इन्सुलेशनचा फॉल्ट येतो. चार्जर तयार असतो, गाडी तयार असते आणि चार्जिंग काही सुरू होत नाही. मग कापडानं पुसा, ब्लोअर मारा, परत लावा. लॉक बसल्याचा खट आवाज आला आणि स्क्रीनवर अँपिअर चढताना दिसले की मगच पुढच्या गाडीकडं जायचं. हे न बघता पुढं गेलं तर पहाटे चारला डायव्हर येऊन विचारतो, "भाऊ, ही गाडी चाळीसच टक्के दावतीय. घेऊन जाऊ का ढकलत?"

हिशेब तसा सोपा आहे. बारा मीटरची एसी बस शहरात किलोमीटरला साधारण सव्वा युनिट खाते. गर्दी, चढ, ऊन आणि डायव्हरचा पाय यांवर आकडा मागंपुढं होतो. दिवसाला २०० किलोमीटर धरले तर अडीचशे युनिट झाले. साठ किलोवॅटच्या चार्जरला त्यासाठी चार तासांच्या वर लागतात. दोन गनांनी मिळून २४० किलोवॅट देणारा चार्जर असेल तर कागदावर तासाभरात काम होतं. कागदावर म्हणायचं कारण असं की बॅटरी शेवटपर्यंत एकाच वेगानं वीज घेत नाही. घागर काठोकाठ भरत आली की नळ बारीक करावा लागतो, तसं ऐंशी-नव्वद टक्क्यांनंतर गाडीतली यंत्रणा करंट कमी करत जाते. त्यामुळं शेवटचे दहा टक्के आधीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त वेळ खातात. घाईत असलेल्या गाडीला शंभरपर्यंत भरू नये, सत्तर-ऐंशीवर सोडून द्यावी, ही पहिली शिकवण.

जलद चार्जर डेपोत खरा कामाला येतो तो अडचणीच्या रात्री. एका शहरात, नाव घेत नाही, वळवाच्या पावसात रात्री बाराला उच्च दाबाची एचटी लाईन गेली आणि पहाटे तीनला आली. तिथं सगळे हळू चार्जर होते, पूर्ण रात्र मिळेल या हिशेबानं बसवलेले. तीन तास गेले ते गेलेच. सकाळच्या पहिल्या पाळीतल्या कितीतरी फेऱ्या रद्द झाल्या. तिथं चार जलद चार्जर असते तर निदान पाच ते सातच्या गाड्या निघाल्या असत्या. म्हणून मी डेपोवाल्यांना सांगतो, सगळे चार्जर जलद घेऊ नका, पण चारदोन तरी ठेवा. मधेच ब्रेकडाउन होऊन आलेली गाडी, दुपारी दुसऱ्या पाळीला पुन्हा काढायची गाडी, यांना त्यांचाच आधार असतो.

आता दुसरं जलद चार्जिंग. हे डेपोत होत नाही, रस्त्यावरच होतं. बस थांब्यावर येते, टपावरून एक हात वर जातो किंवा खांबावरून खाली येतो आणि प्रवासी चढेउतरेपर्यंत बॅटरीत वीज शिरते. जिनेव्हात २३ नंबरच्या मार्गावर डिसेंबर २०१७ पासून अशा बारा जोडबस धावतात. मार्गावरच्या तेरा थांब्यांवर चार्जिंगची सोय आहे. वीस सेकंदांसाठी सहाशे किलोवॅट वीज मिळते. वीस सेकंदांत सहाशे किलोवॅटनं होतात फक्त तीन-सव्वातीन युनिट. जोडबसला ते दीड-दोन किलोमीटरला पुरतात. शांघायमध्ये २००६ पासून एका मार्गावर अशाच गाड्या धावल्या. त्यांत बॅटरीऐवजी अल्ट्राकपॅसिटर होते, थोडी वीज पटकन घेऊन पटकन सोडणारे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पोमोना गावी फूटहिल ट्रान्झिटनं २०१० मध्ये एका स्टँडवर जलद चार्जर उभा केला. २९१ नंबरच्या मार्गावरची बस तिथं येई आणि दहाएक मिनिटांत भरून निघे.

या सगळ्यांत सौदा एकच असतो. बॅटरी लहान ठेवायची आणि तिचं राहिलेलं काम रस्त्याला द्यायचं. बॅटरी लहान म्हणजे गाडी हलकी, जागा मोकळी, प्रवासी जास्त. त्यासाठी बॅटरीही वेगळी लागते. इकडच्या बहुतेक बसमध्ये असते ती लिथियम आयर्न फॉस्फेटची. ती स्वस्त नि टिकाऊ आहे, पण तिला दिवसातून दहादा घाईघाईनं भरलेलं मानवत नाही. लिथियम टायटनेटची बॅटरी काही मिनिटांत भरते आणि कितीतरी जास्त वेळा भरता येते. पण तेवढ्याच वजनात तिच्यात वीज निम्मीच मावते आणि किंमत जबर. पोमोनाच्या पहिल्या गाड्यांत हीच बॅटरी होती. पुढं फूटहिलनं लांब पल्ल्याच्या गाड्याही घेतल्याच.

या सौद्यात बस मार्गाला बांधली जाते. ट्रामला रूळ असतात, ट्रॉलीबसला वर तारा असतात, थांब्यावर भरणाऱ्या बसला खांब असतात. मुंबईनं हे पाहिलेलं आहे. बेस्टनं ११ जून १९६२ ला गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ट्रॉलीबस सुरू केली आणि १९७१ च्या मार्चमध्ये ती बंद झाली. तारेखाली धावणाऱ्या बसला तार सोडून जाता येत नाही. जिनेव्हाचा २३ नंबर वर्षानुवर्षं त्याच रस्त्यानं जाणार, ठरल्या मिनिटाला जाणार, दर थोड्या मिनिटांनी एक जाणार आणि थांब्यावर दुसऱ्या कुणाची गाडी उभी नसणार. एवढं सगळं जमलं तर तिथल्या खांबाचा खर्च दिवसभरातल्या शेकडो थांबण्यांवर वाटला जातो आणि परवडतो. तासाला एक बस जाणाऱ्या मार्गावर तोच खांब दिवसाचा बहुतेक वेळ रिकामा उभा राहील.

पुण्यात मी शेवटच्या थांब्यावरचं चार्जिंग जवळून पाहिलं. कल्पना चांगली होती. फेरी संपली की गाडी पंधरा-वीस मिनिटं उभी असते, तेवढ्यात २४० च्या चार्जरवर साठ-सत्तर युनिट मिळाले की पुढचे पन्नासेक किलोमीटर निघाले. अहमदपूरकडचा एक डायव्हर होता, आमच्याकडचाच म्हणायचा. तो दुपारी उशिरा यायचा, कधी दहा मिनिटं, कधी वीस. मी गन हातात घेऊन उभा. तो खाली उतरायचाच नाही. खिडकीतनंच म्हणायचा, "कंट्रोलर म्हणायलाय लगेच काढ. तू गन लावशील, काढशील, तवर माझी पुढची फेरी जाती. असू दे." आणि गाडी तशीच निघायची. पुढच्या फेरीला आणखी उशीर, आणखी कमी चार्ज. संध्याकाळी पाचला, ऐन गर्दीला, गाडी डेपोत परत.

ट्रॅफिकमध्ये गेलेली मिनिटं सगळ्यात आधी या थांबण्याच्या वेळेतूनच कापली जातात. डिझेलच्या गाडीला त्याचा फार फरक पडत नाही. डायव्हरचा चहा बुडतो, एवढंच. थांब्यावर भरणाऱ्या गाडीचं मात्र जेवणच बुडतं. म्हणून ज्या शहरात रस्त्याचा भरवसा नाही तिथं थांब्यावरचं चार्जिंग आखायचं तर एकदोन गाड्या जादा ठेवाव्या लागतात, एक भरतेय तोवर दुसरी निघेल अशा. त्या जादा गाड्यांचा खर्च चार्जरच्या टेंडरमध्ये कुठं दिसत नाही. बीआरटीची स्वतंत्र लेन असेल तर गोष्ट वेगळी. तिथं वेळ पाळता येते आणि तिथंच हे तंत्र शोभतं.

बेस्टचं मला वेगळं वाटतं. मुंबईचे डेपो शहराच्या आत आहेत, मार्ग आखूड आहेत आणि दुपारी गर्दी ओसरली की बऱ्याच गाड्या डेपोत येऊन उभ्या राहतात. त्यांना रस्त्यावर खांब कशाला? डेपोतच दुपारी दोन तास गन लावली की काम झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली इलेक्ट्रिक डबलडेकर सीएसएमटी ते एनसीपीए अशा जवळच्या मार्गावर आणली गेली. तिची बॅटरी २३१ किलोवॅटअवरची, म्हणजे तेवढ्याच युनिटची. अशा मार्गावर गाडीचं पोट मोठं असलं काय, लहान असलं काय, डेपो हाकेच्या अंतरावर आहे. चीनच्या शेनझेननं २०१७ संपेपर्यंत आपल्या सोळा हजारांवर बस इलेक्ट्रिक केल्या, त्याही मुख्यतः मोठ्या बॅटरीच्या, डेपोत आणि आवारात भरणाऱ्या. अहमदाबादेत अशोक लेलँडच्या काही गाड्यांना बॅटरी बदलून द्यायची सोय २०१९ मध्ये करून पाहिली. तिथं दोनचार मिनिटांत रिकामी बॅटरी काढून भरलेली बसवली जाई. गावागणिक इलाज वेगळा निघाला तो असा.

विजेच्या बिलाचा भाग तर बहुतेकांना ठाऊकच नसतो. मोठ्या जोडणीला नुसते युनिट मोजत नाहीत. महिन्यात कधी एका वेळी सगळ्यात जास्त भार किती ओढला तेही मोजतात आणि त्या डिमांडचे पैसे महिनाभर लावतात. २४० चे पाच चार्जर एकाच वेळी चालले की बाराशे किलोवॅट झाले. आमच्याकडच्या गावात डीपी, म्हणजे ट्रान्स्फॉर्मर, असते ती ६३ किंवा १०० केव्हीएची. म्हणजे डझनभर गावांच्या डीप्यांचा भार पाच बस मिळून ओढतात, तोही दिवसाला तासभर. बाकीचे तेवीस तास ती जोडणी, तो ट्रान्स्फॉर्मर, ती केबल नुसती उभी. याउलट शंभर बस रात्रभरात सावकाश भरल्या तर पंचवीस हजार युनिट सहा तासांवर पसरतात. डिमांड तेव्हाही चार हजार किलोवॅटच्या वर जाते, पण ती वाया जात नाही. कुठली गाडी किती वाजता लावायची हे ठरवणारं सॉफ्टवेअर आता मिळतं. ते नसेल तर आमच्यासारखा एखादा माणूस वही घेऊन तेच करतो.

तरी दिवसा भरण्याच्या बाजूनं एक गोष्ट बोलते. दुपारी सौरऊर्जा मुबलक असते आणि केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत उन्हाच्या तासांतलं चार्जिंग स्वस्त ठेवायला सांगितलंय. रात्रीच्या चार्जिंगला तो फायदा नाही. मात्र आमच्याकडं दुपारचं ऊन फुकट मिळत नाही. मेमध्ये कलबुर्गीचा पारा ४२-४४ वर जातो. डांबरावर तासन् तास धावून आलेली गाडी आधीच तापलेली असते आणि जलद चार्जिंग तिला आणखी तापवतं. बॅटरी सांभाळणारी यंत्रणा मग करंट आपणहून उतरवते. २४० च्या चार्जरवर लावलेली गाडी शंभर-सव्वाशेनंच वीज घेताना दिसते आणि वीस मिनिटांचं काम चाळीस मिनिटांवर जातं. चार्जर बिघडला म्हणून तक्रार येते. चार्जर चांगला असतो, गाडी शहाणपणानं वागत असते. बॅटरी थंड ठेवणारी चांगली यंत्रणा आणि चार्जिंगच्या जागेवर शेड, या दोन गोष्टी आमच्या हवेत चैनीच्या नाहीत. टेंडरमध्ये शेडचा खर्च वगळला की मला पुढचा उन्हाळा दिसायला लागतो.

आता गावाकडं येतो. आमच्या भागातली सरकारी बस केकेआरटीसीची, म्हणजे कल्याण कर्नाटक महामंडळाची. २००० साली हे महामंडळ वेगळं झालं तेव्हा नाव ईशान्य कर्नाटक असं होतं. मुख्यालय कलबुर्गीत. कलबुर्गीची शहर बससेवा याच महामंडळाची. शहराचे मार्ग आखूड, गाड्या फिरून फिरून सुपर मार्केटच्या स्टँडकडं येणाऱ्या. इथं दुपारी डेपोत किंवा स्टँडजवळ जलद चार्जिंग आणि रात्री सावकाश, हे सहज जमण्यासारखं आहे. खांबांची गरज नाही. शरणबसवेश्वराची जत्रा आणि बंदे नवाजांचा उरूस आला की निम्मे मार्ग वळवले जातात, मग खांब एका रस्त्यावर आणि बस दुसऱ्या रस्त्यावर अशी गत व्हायची. केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना २०२३ मध्ये तीन लाखांवरच्या शहरांसाठी आली. बीदर २०११ च्या जनगणनेत सव्वादोन लाखांच्या आतच होतं, म्हणजे त्या चाळणीत बसत नाही. पण बीदरला आज ना उद्या या गाड्या येतीलच, आणि तिथं शहरापेक्षा ग्रामीण फेऱ्यांचा प्रश्न मोठा आहे.

बीदर-कलबुर्गीचं जमेल असं वाटतं. अंतर सव्वाशेच्या आत आहे. महाराष्ट्र एसटीनं १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर 'शिवाई' सुरू केली. १९४८ साली एसटीची पहिली गाडी धावली तीही याच मार्गावर, याच तारखेला. साधारण तेवढाच पल्ला, दोन्ही टोकांना चार्जर, मध्ये थांबायचं काम नाही. अशा मार्गावर दोन्ही स्टँडांवरचे जलद चार्जर रात्रंदिवस कामात राहतात.

बीदर-औरादची गोष्ट बारीक आहे. बीदर पठारावर आणि आम्ही खाली. बीदर सोडलं की गाडी लगेच उतरायला लागते, पुढं कौठ्याजवळ मांजरा नदी ओलांडून औरादला जाते. उतारावर इलेक्ट्रिक बसची मोटर जनित्रासारखी चालून वीज परत बॅटरीत टाकते. रोहतांगहून उतरणाऱ्या बसला याचा मोठा फायदा. पण बॅटरी शंभर टक्के भरून गाडी उताराला लावली तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. मग सगळा भार ब्रेक लायनरवर. म्हणून बीदर डेपोत औरादकडच्या गाड्या नव्वदवर सोडायच्या आणि औरादला, जिथून परतीला चढ लागतो, तिथं जास्त भरायच्या. हे मी बीदरच्या एका कंट्रोलरला सांगितलं तर ते म्हणाले, "अण्णा, आधी गाडी तरी येऊ द्या. नव्वद का शंभर ते मग बघू." त्यांचंही खरंच.

पण आमच्या भागाची खरी अडचण आहे मुक्कामाची गाडी. कुणी हाल्टिंगची बस म्हणतं. संध्याकाळी बीदरहून किंवा औरादहून सुटलेली शेवटची गाडी आत एखाद्या गावी जाते आणि रात्री तिथंच राहते. डायव्हर-कंडक्टर देवळात, शाळेच्या व्हरांड्यात किंवा पंचायतीच्या खोलीत झोपतात. पहाटे तीच गाडी दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं-पोरी, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं घेऊन निघते. ११ जून २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांचं तिकीट माफ झालं आणि या पहाटेच्या गाडीला पाय ठेवायला जागा उरली नाही. शहरातली एक बस चुकली तर माणूस दहा मिनिटांत दुसरी पकडतो. ही गाडी चुकली तर पोरीचं कॉलेज बुडतं आणि बाईचा रोज बुडतो.

आणि इलेक्ट्रिक बसचं सगळं गणित असं धरून चालतं की गाडी रात्री डेपोत झोपते. आमची गाडी गावात झोपते, डेपोत फक्त दुपारी येते.

यावर लोकांचं उत्तर ठरलेलं. गावात जलद चार्जर लावा. मी म्हणतो, गावात जलद चार्जर कशाला? त्या गाडीकडं रात्रीचे आठ तास मोकळे आहेत. दुपारी बीदरच्या स्टँडवर एकदा जलद भरून घेतली तर रात्री तिला साधारण शंभर युनिट लागतील. आठ तासांत शंभर युनिट म्हणजे बारा-तेरा किलोवॅट, साडेसात एचपीच्या दोन मोटारींपेक्षा थोडाच जास्त भार. विहिरीवर तेवढ्या मोटारी आमच्याकडं कितीतरी जण चालवतात. पंधरा-वीस किलोवॅटचा भिंतीवर बसणारा डीसी चार्जर त्याला पुरतो. कर्नाटकात निरंतर ज्योती योजनेत शेतीचा आणि वस्तीचा फीडर वेगळा केला गेला, त्यामुळं गावठाणात रात्री वीज असण्याची शक्यता पूर्वीपेक्षा बरी. वस्तीच्या फीडरवर थ्री फेज आणायला, एक पक्की अर्थिंग करायला आणि चार्जरला कुलपाचं पत्र्याचं कपाट द्यायला किती खर्च येतो, ते शहरातल्या एका जलद चार्जरच्या जोडणीशी ताडून पाहावं. वीज कंपनी जेसकॉमला, महामंडळाला आणि पंचायतीला एका टेबलावर बसवणं हे त्यातलं अवघड काम. वायरिंग सोपं.

चुलत्यांना हे सांगितलं तर त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. "लाईट रात्री दोनला गेली नि पाचला आली, मग?" प्रश्न बरोबर आहे. म्हणून पहिल्या वर्षी मुक्कामाच्या गाड्या डिझेलच ठेवाव्यात, शहरातल्या आणि बीदर-कलबुर्गीच्या आधी बदलाव्यात. मुक्कामाच्या एकदोन गावांत छोटा चार्जर लावून वर्षभराची नोंद ठेवावी. सकाळी किती टक्के निघाली, लाईट किती वेळा गेली, उन्हाळ्यात काय झालं, पावसात काय झालं. शिवाय गाडी दुपारी बीदरला येतेच, तेव्हा रात्री कमी भरली तरी पहाटेच्या फेरीपुरती बेगमी उरेल एवढी मोठी बॅटरी घ्यावी. थांब्यावर भरणाऱ्या लहान बॅटरीच्या गाड्या आमच्याकडं अजिबात नकोत. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या निघतात, मैलारच्या खंडोबाची जत्रा असते, हुमनाबादला वीरभद्रेश्वराची असते, निवडणूक आली की पेट्या न्यायला बस लागतात. आमच्या बसला वर्षातून कितीदा तरी मार्ग सोडून जावं लागतं. ती मोकळीच हवी.

परवा एका ठिकाणी नव्या डेपोचं काम निघालं. बैठकीत साहेबांनी विचारलं, "चार्जर किती किलोवॅटचे घ्यायचे?" मी म्हटलं, "सर, मला आधी शेड्यूल द्या." शेड्यूल म्हणजे कुठली गाडी किती वाजता कुठून निघते, कुठं किती वेळ थांबते, रात्री कुठं असते याचा कागद. तो यायला आठवडा लागला आणि आला तो डिझेलच्या काळातला. त्यावरची थांबायची वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ जुळत नव्हती. म्हणून त्यांच्या कंट्रोलरबरोबर स्टँडवर बसून खऱ्या वेळा उतरवून घेतल्या. त्या वहीवरून निघालेला आकडा साहेबांच्या मनातल्या आकड्यापेक्षा बराच लहान होता. जलद चार्जर निम्मे झाले, वाचलेल्या पैशात शेड आणि एक जादा ट्रान्स्फॉर्मर बसला.

बीदरला गाड्या येतील तेव्हा अशीच वही आधी भरावी असं मला वाटतं, औरादच्या स्टँडपासून मुक्कामाच्या शेवटच्या गावापर्यंत. चार्जरची टेंडरं त्यानंतर काढावीत. उलट केलं तर स्टँडवर चकाचक जलद चार्जर उभे राहतील, उद्घाटनाचे फोटो येतील आणि पहाटेच्या गाडीला डिझेलच लागत राहील.